पत्ता

हातमोजे दोन जोड घालायचे, एकावर एक.
सुया असतात. फुटक्या बाटल्या असतात.
एकदा कासव होतं बशीएवढं, जिवंत.
मग गाठ सोडायची, पिशवी फाडायची नाही.
फाडली की क्लाइडवरून वारा येतो
आणि पुरावा पळतो गल्लीभर.

आठ वर्षं ग्लासगोत मी हेच करते:
लोकांनी रात्री टाकलेल्यात
सकाळी त्यांची नावं शोधते.
विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी,
शाळेचं पत्र, आपला मुलगा तीन दिवस आला नाही.
कचऱ्याला वास असतो हे सगळ्यांना ठाऊक,
हस्ताक्षर असतं
हे फक्त आमच्या खात्याला.

मंगळवारी टॅनर्स लेनच्या तोंडाशी
एक गादी, एक फ्रिज बिनदाराचा
(दारं कुठे जातात कुणास ठाऊक, कधीच सापडत नाहीत)
आणि अकरा काळ्या पिशव्या.
वरून मिसेस ओयेलारन ओरडली,
"फोटो काढता आणि जाता!
उंदीर काय फोटोला भितात?"
मी मान खाली घातली. बाई रास्त बोलत होती.
तिच्या धाकट्यानं तोवर गादीवर
उड्या मारायला सुरुवात केली होती.

सातव्या पिशवीत लोकरीचे गुंडे,
अर्धी विणलेली बाही, सुई अजून अडकलेली.
चष्म्याचं घर, त्यात लाँड्रीची पावती:
मकफेल, दुसरा मजला, डावीकडचं दार.
पत्ता लागला, म्हणतो आम्ही.
त्या क्षणी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू,
गळ जड झाल्यासारखं.

दार उघडलं ऐंशीच्या पुढच्या माणसानं.
घरातच कोट, टायसुद्धा.
चहा दिला. साखर विचारली नाही,
दोन चमचे घातली, कुणाच्या तरी सवयीनं.
"व्हॅनवाल्याची चिठ्ठी आली होती दाराखालून.
साठ पाउंड म्हणाला. मी सत्तर दिले,
जिना होता ना."
"परवाना पाहिलात त्याचा?"
"हात पाहिले. कामाचे होते."

कायद्यात हातांचं कलम नाही.
कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची,
कुणाच्या हवाली केला ते बघणं त्याचं काम.
मी वाचून दाखवलं, खाली बघत,
डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं.
चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणाल तुम्ही.
मलाही वाटलं. पण मिसेस ओयेलारनच्या पिठात शिरलेला उंदीर
या संन्याशाच्याच गादीत राहायला आला होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"बाहेर आहे का ते? उघड्यावर?"

चार गल्ल्यांना अर्धा तास लागला.
खिडकीतून मिसेस ओयेलारननं तोंड उघडलं
आणि मिटलं.
तो पिशव्यांकडे गेलाच नाही.
उड्या मारणाऱ्या पोराजवळ थांबून म्हणाला,
"त्या बाजूला नको. तिकडची स्प्रिंग वर आलीय.
ती माझी बाजू."
पोरगं सरकलं, दुसऱ्या बाजूला उड्या मारू लागलं.
तो बघत राहिला.

मग बाही उचलली, सुईसकट खिशात घातली.
"ही चुकून गेली होती. बाकीचं लिहा."

मी लिहिलं. पूर्ण नाव, तारीख, दंडाची रक्कम.
व्हॅनचा नंबर त्याला आठवेना,
मागच्या दारावर रंगवलेला हंस तेवढा आठवला,
एक पंख खरवडून गेलेला.
तेव्हापासून सिग्नलला थांबले
की मी लोकांच्या मागच्या दारांकडे बघते.

गुरुवारी ट्रक आला.
तोवर कुणीतरी एक टीव्ही आणून ठेवला होता,
सांभाळून, विटेवर,
गादीकडे तोंड करून.